एक उचल की वीस उचली?

मुंबई-आग्रा मार्गावरील चांदवड हे गाव रेणुकादेवीचे देवस्थान, होळकरकालीन रंगमहाल आणि माथ्यावर उभा असलेला किल्ला यांमुळे प्रवाशांच्या परिचयाचे आहे. परंतु नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यास आणि व्यापाऱ्यास चांदवड म्हटले की प्रथम आठवतो तो कांद्याचा बाजार. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मोकळा आलेला कांदा लिलावानंतर व्यापाऱ्याच्या खळ्यावर उतरतो. तेथे त्याची प्रतवारी होते, तो गोण्यांत भरला जातो, गोण्यांची तोंडे शिवली जातात आणि मग त्या मालमोटारीत चढतात. गोणी साधारणपणे ५० किलोची. दहा टनांची एक मोटार भरावयाची म्हणजे अशा २०० गोण्या जमिनीवरून वर उचलाव्या लागतात. हे काम हमालांच्या हातांचे असे आपण म्हणतो. वस्तुतः ते त्यांच्या मांड्यांचे, नितंबांचे आणि मुख्यतः कंबरेचे असते.

जी हालचाल हमाल पोटासाठी करतो, तीच व्यायामशाळेतील तरुण हौसेने करतो. जमिनीवर ठेवलेला लोखंडी दांडा, त्याच्या दोन्ही टोकांस अडकविलेल्या वजनाच्या चकत्या. वाकून दांडा दोन्ही हातांनी धरावयाचा आणि हात सरळ ठेवून ताठ उभे राहावयाचे. दांडा मांडीपर्यंत आला, गुडघे व कंबर सरळ झाली, की उचल पुरी झाली. तो खांद्यावर घ्यावयाचा नाही की डोक्यावर न्यावयाचा नाही. या प्रकारास डेडलिफ्ट म्हणतात. निपचित पडलेले वजन, कोणत्याही झोक्याचे साहाय्य न घेता, केवळ बळाने उचलावयाचे, एवढेच त्यात अभिप्रेत आहे. १९७२ मध्ये शक्ती-उत्तोलनाचा, म्हणजे पॉवरलिफ्टिंगचा, आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला, आणि त्या क्रीडेच्या तीन प्रकारांत हा शेवटचा प्रकार म्हणून स्थिर झाला.

या उचलीविषयी एक जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो, जेवढे भारी वजन उचलता येईल तेवढे घ्यावे आणि एकदाच उचलावे. बळ वाढते ते अशानेच. दुसरा पक्ष म्हणतो, वजन माफक घ्यावे आणि ते पंधरा-वीस वेळा उचलावे. शरीर कसले जाते ते अशाने. दोन्ही पक्षांजवळ अनुभव आहे आणि दोन्ही पक्षांत बलवान माणसे आहेत. तेव्हा खरे कोणाचे, या प्रश्नापेक्षा कोणाला काय हवे आहे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

महाराष्ट्राच्या तालमींचा कल परंपरेने संख्येकडे राहिलेला आहे. जोर, बैठका, दंड, जोडी फिरविणे हे सारे प्रकार शेकड्यांनी मोजले जातात. नाशिकजवळच्या टाकळी येथे समर्थ रामदासांनी तपश्चर्येच्या काळात रोज बाराशे सूर्यनमस्कार घातले, असे परंपरा सांगते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा जो प्रसार केला, त्यातही नित्य नेम आणि आवर्तनांची संख्या यांवरच भर होता. थोर मल्ल गामा हा रोज हजारो बैठका मारी, असे त्याच्याविषयी सांगतात. या सर्व व्यायामांत वजन म्हणून वापरले जाते ते स्वतःचे शरीर. शरीराचे वजन आज एक आणि उद्या दुसरे करता येत नाही. म्हणून प्रगती दाखविण्यास संख्या वाढविणे हाच मार्ग उरतो.

परंतु एकाच उचलीचा मानही आपल्याकडे नव्हता असे नव्हे. गावोगावी मारुतीच्या देवळापुढे दगडी गोट्या पडलेल्या आढळतात. गोटी खांद्यावर घेणाऱ्याची कीर्ती पंचक्रोशीत होत असे. बडोद्याच्या संग्रहालयात १९०२ सालचा एक प्रचंड दगड गामाच्या पराक्रमाची खूण म्हणून ठेवलेला आहे. जेजुरीस दसऱ्याला खंडोबाचा ४२ किलोंचा खंडा उचलण्याची चढाओढ लागते. चांदवडपासून जवळच असलेल्या मनमाडास तर भारोत्तोलनाची चांगली परंपरा निर्माण झाली आहे. त्या गावच्या आकांक्षा व्यवहारे हिने २०२२ मध्ये मेक्सिकोतील जागतिक युवा स्पर्धेत ४० किलो गटात रौप्यपदक मिळविले. भारोत्तोलनाच्या स्पर्धेत प्रत्येक प्रकारास तीनच प्रयत्न मिळतात आणि प्रत्येक प्रयत्नात उचल एकच असते. तेथे वीस वेळा उचलणाऱ्यास कोणी विचारीत नाही.

जगाच्या इतिहासातही नोंद राहते ती एका उचलीची. अमेरिकेतील टेनेसी प्रांताचा बॉब पीपल्स हा शेतकरी होता. त्याने १९४९ मध्ये ७२५ पौंड, म्हणजे सुमारे ३२९ किलो, जमिनीवरून उचलले, आणि त्याच्या स्वतःच्या वजनाच्या मानाने हा आकडा पुढे कित्येक वर्षे आश्चर्याचा विषय राहिला. २०१६ मध्ये इंग्लंडच्या एडी हॉलने ५०० किलो आणि २०२० मध्ये आइसलंडच्या ब्यॉर्नसनने ५०१ किलो उचलले. असे आकडे ऐकले म्हणजे तरुणांची मने एका उचलीकडे धाव घेतात, हे स्वाभाविकच होय.

या वादास शास्त्राचा पहिला पक्का आधार मिळाला तो रणांगणामुळे. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या अमेरिकन सैनिकांचे पाय प्लास्टरमध्ये राहून काटकुळे होत. त्यांना हलक्या वजनाने दीर्घकाळ व्यायाम देण्याची तेव्हा रीत होती. शिकागोच्या सैनिकी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरने ही रीत मोडली. रुग्णास जे वजन दहाच वेळा उचलता येईल आणि अकराव्यांदा येणार नाही, तेच त्याने घेण्यास लावले, आणि बळ वाढेल तसतसे वजन वाढविले. १९४५ मध्ये त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याचे सूत्र सरळ होते: मोठा भार व थोडी आवर्तने यांनी बळ वाढते, लहान भार व पुष्कळ आवर्तने यांनी दम वाढतो, आणि एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही. प्रारंभी तो दहा-दहा उचलींच्या सात ते दहा फेऱ्या देई. १९४८ पर्यंत त्याने व त्याचा सहकारी वॉटकिन्स याने त्या तीनवर आणल्या: पहिली निम्म्या भाराची, दुसरी पाऊण भाराची आणि तिसरी पूर्ण भाराची. आज जगभर व्यायामशाळांतून जी तीन फेऱ्यांची प्रथा दिसते, तिचा एक उगम या रुग्णालयात आहे.

डीलॉर्मच्या सूत्राची परीक्षा पुढे पुष्कळांनी घेतली. अमेरिकेतील ओहायो येथे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३२ तरुणांचे गट पाडण्यात आले. एका गटाने तीन ते पाच, दुसऱ्याने नऊ ते अकरा आणि तिसऱ्याने वीस ते अठ्ठावीस आवर्तनांच्या फेऱ्या पायांच्या व्यायामात आठ आठवडे केल्या. चौथा गट तुलनेसाठी व्यायामावाचून ठेवला होता. अखेरीस सर्वाधिक भार एकदा उचलण्यात पहिला गट पुढे निघाला. ज्याच्या त्याच्या कमाल बळाच्या ६० टक्के भार देऊन आवर्तने मोजली, तेव्हा मात्र तिसरा गट पुढे होता. २०१५ मधील दुसऱ्या एका प्रयोगात, आधीपासून व्यायाम करणाऱ्या तरुणांत, आठ ते बारा आणि पंचवीस ते पस्तीस या दोन्ही रीतींनी स्नायूंची जाडी सारखीच वाढली. पण बैठकीतील बळ वाढले ते भारी वजनाने अधिक. म्हणजे देह भरण्यास दोन्ही वाटा चालतात. बळास भारी वजनाची वाट जवळची, दमास हलक्या वजनाची.

असे का व्हावे? स्नायू हा एकजिनसी दोर नाही. त्यात तंतूंच्या अनेक लहान-मोठ्या तुकड्या असतात आणि प्रत्येक तुकडीस हुकूम देणारा एक मज्जातंतू असतो. अमेरिकन शास्त्रज्ञ हेनेमन याने १९५७ पासून केलेल्या संशोधनात असे दाखवून दिले की शरीर या तुकड्यांना लहानापासून मोठ्यापर्यंत अशा क्रमानेच कामास लावते. हलके वजन असेल तर लहान तुकड्या पुरतात. मोठ्या तुकड्या स्वस्थ राहतात. भारी वजन आले की पहिल्याच उचलीला लहान-मोठ्या सर्व तुकड्यांना एकदम हाक जाते, आणि ही हाक नीट देण्याची सवय मज्जासंस्थेस लागते. नवख्या माणसाचे बळ पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते ते मुख्यत्वे या सवयीने. स्नायू जाड होण्यास त्यानंतर वेळ लागतो.

हलक्या वजनाच्या वीस उचलींतही मोठ्या तुकड्या कामास येतात, परंतु केव्हा? लहान तुकड्या थकल्यावर, म्हणजे अखेरच्या चार-पाच उचलींत. येथेच डेडलिफ्टचा प्रश्न इतर व्यायामांहून निराळा होतो. दंडाचा स्नायू थकला तर वजन खाली येते, एवढेच. जोर मारताना हात थकले तर छाती जमिनीस टेकते. पण जमिनीवरून वजन उचलताना पाठ थकली, तर वजन खाली येण्यापूर्वी कणा वाकतो. पहिल्या दहा उचलींत जी पाठ फळीसारखी सपाट होती ती पंधराव्या उचलीस किंचित गोल होते, अठराव्यास अधिक, आणि उचलणाऱ्यास त्याची जाणीवही नसते; कारण त्याचे लक्ष संख्येकडे असते. ज्या उचलींपासून लाभ सर्वांत अधिक मिळावयाचा, त्याच उचली सर्वांत धोक्याच्या ठरतात. म्हणून बैठकांचा किंवा नमस्कारांचा संख्येचा नियम जसाच्या तसा या व्यायामास लावणे हिताचे नाही.

एका उचलीचा धोका वेगळ्या जातीचा आहे. तेथे थकवा नसतो, पण चुकीला जागाही नसते. कमाल भाराच्या वेळी दांडा बोटभर पुढे सरकला, तरी कंबरेवरचा ताण मोठ्या प्रमाणात वाढतो. याचे कारण तरफेच्या साध्या नियमात आहे. पाठीचे उभे स्नायू कण्याच्या मध्यापासून सुमारे पाच-सहा सेंटिमीटर अंतरावरून ओढतात. भार मात्र कण्यापासून चाळीस-पन्नास सेंटिमीटर पुढे असू शकतो. म्हणजे भाराच्या सात-आठ, कधी दहा पट जोर त्या स्नायूंना लावावा लागतो, आणि तेवढाच दाब खालच्या मणक्यांवर पडतो. दांडा नडगीस जवळजवळ घासत वर आणावा, असे जे उस्ताद सांगतात, त्याचे मर्म हेच. अंतर निम्मे झाले की भारामुळे येणारे ओझेही कंबरेला निम्मे होते.

श्वासाचाही विचार केला पाहिजे. भारी उचलीच्या वेळी मनुष्य श्वास भरून रोखतो. त्यामुळे पोटात दाब निर्माण होतो आणि कण्यास आधार मिळतो. परंतु त्याच वेळी रक्तदाबही चढतो. कॅनडातील शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये निरोगी तरुणांच्या धमनीत सुई ठेवून भारी वजनांच्या व्यायामात प्रत्यक्ष रक्तदाब मोजला. दोन्ही पायांनी भार रेटताना, अगदी थकेपर्यंत आवर्तने केली असता, सरासरी ३२०/२५० इतका आकडा आला, आणि एका तरुणाचा तर ४८० च्या वर गेला. हे आकडे काही क्षणांपुरते असतात आणि निरोगी तरुण ते सोसतो. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की हा चढ केवळ एका प्रचंड उचलीचा नव्हे. थकेपर्यंत केलेल्या आवर्तनांच्या शेवटीही तो येतो. तेव्हा ज्यांस रक्तदाबाचा विकार आहे त्यांनी ‘वजन हलके आहे, मग कितीही वेळा उचलावे’ असा समज करून घेऊ नये. त्यांनी वैद्याचा सल्ला घ्यावा, श्वास कोंडू नये आणि दम संपण्याच्या पुष्कळ आधी थांबावे.

आता पुन्हा खळ्यावरच्या हमालाकडे वळू. अनेकांस वाटेल की दिवसभर शंभर वेळा वाकणाऱ्या या माणसास आणखी व्यायाम कशासाठी? आणि द्यावयाचाच तर त्याच्या कामासारखाच, हलक्या वजनाच्या पुष्कळ उचलींचा द्यावा. हा तर्क सयुक्तिक दिसतो. परंतु तो उलटा आहे.

समजा, एका हमालाची एका वेळची कमाल उचल ७५ किलो आहे. त्याला ५० किलोंची गोणी म्हणजे त्याच्या बळाचा दोनतृतीयांश भाग. भारतोलकांत एक ठोकताळा प्रचलित आहे: जो भार जितक्या वेळा उचलता येतो, त्या संख्येस ३० ने भागावे, त्यात एक मिळवावा आणि आलेल्या अंकाने त्या भारास गुणावे, म्हणजे कमाल उचलीचा अंदाज येतो. हा हिशेब उलट फिरविला तर ७५ किलोंच्या माणसास ५० किलो सुमारे पंधरा वेळा सलग उचलता येतील, मग तो थांबणारच. मधूनमधून विसावा मिळाला तरी प्रत्येक गोणी त्याला त्याच्या मर्यादेजवळ नेते. आता दुसऱ्या हमालाची कमाल उचल १२५ किलो आहे असे समजा. त्याच गोणीस त्याच्या बळाचा केवळ ४० टक्के भाग लागतो. आवर्तने दहाबाराच्या पलीकडे गेली की वरील ठोकताळा ढिला पडतो हे खरे. परंतु दुसरा माणूस पहिल्याहून कितीतरी अधिक गोण्या कमी थकव्याने हलवील, याविषयी शंका राहत नाही. दोघांच्या दमात काही फरक नसला तरी दुसऱ्यास तीच गोणी हलकी आहे.

ओहायोच्या प्रयोगात दम मोजताना प्रत्येकास त्याच्या बळाच्या प्रमाणात भार दिला होता. गोणी मात्र माणसाचे बळ पाहून आपले वजन बदलीत नाही. जेथे भार ठरलेला आहे तेथे कमाल बळ वाढविणे हाच दम वाढविण्याचा एक मोठा उपाय होतो. हमालास आवर्तने त्याच्या धंद्यातून रोज मिळतात. त्याला जे कधीच मिळत नाही ते म्हणजे थोड्या, भारी आणि नीट केलेल्या उचली. बाजाराच्या सुटीच्या दिवशी, आणि जमल्यास कमी कामाच्या आणखी एका दिवशी, तीन ते पाच उचलींच्या तीन-चार फेऱ्या, फेऱ्यांमध्ये तीन मिनिटांचा विसावा, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी आणखी दोन उचली सहज झाल्या असत्या असे वाटावे इतकाच भार, एवढे त्याला पुरे आहे. थकलेल्या संध्याकाळी वीस-वीस उचली काढणे म्हणजे ज्या कंबरेने दिवसभर कमावले तिच्याच ठेवीवर पुन्हा हात घालणे होय.

यास दोन पुरवण्या जोडल्या पाहिजेत. पहिली अशी की ५० किलोंची गोणी आणि ५० किलोंचा दांडा हे कंबरेस सारखे नव्हेत. दांडा बारीक असतो, तो शरीरालगत येतो, आणि ठरीव मापाच्या ४५ सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या लावल्या की तो जमिनीपासून वीत-सव्वा वीत उंच असतो. गोणी फुगीर, तिचा मध्य अंगाजवळ येऊ देत नाही, आणि ती जमिनीस भिडून पडलेली असल्यामुळे अधिक खाली वाकावे लागते. शिवाय प्रत्येक वेळी हमाल गोणीबरोबर स्वतःचे धडही उचलतो. यावर व्यायामाहून सोपा उपाय आहे. भरलेल्या गोण्या जमिनीवर न टाकता गुडघाभर ओट्यावर किंवा लाकडी फळ्यांच्या चौकटीवर रचल्या, आणि दोघांनी मिळून उचलल्या, तर कंबरेचे निम्मे काम वाचते.

दुसरी पुरवणी न्यायाची आहे. हमालाचे बळ वाढले म्हणून गोणीचे वजन वाढविण्यास सबब मिळता कामा नये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच अशी शिफारस केली की प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाचा भार जेथे ५५ किलोंहून अधिक असेल, तेथे तो शक्य तितक्या लवकर त्या मर्यादेपर्यंत खाली आणावा. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र अधिनियम केला, तो या कष्टाचे नियमन व्हावे आणि कष्टकऱ्यास संरक्षण मिळावे म्हणूनच. व्यायामाने मिळणारे जादा बळ ही हमालाची स्वतःची शिल्लक आहे. ती त्याच्या म्हातारपणासाठी राहिली पाहिजे.

शहरातील सुशिक्षित कुटुंबाची गोष्ट याच्या उलट आहे. कचेरीत किंवा दुकानात दहा तास बसणाऱ्या गृहस्थास ना आवर्तने मिळतात, ना भार. घरी स्वयंपाकाच्या गॅसची भरलेली टाकी उचलण्याचा प्रसंग येतो. तिच्यात १४.२ किलो वायू आणि जवळपास तितकेच टाकीचे स्वतःचे वजन, म्हणजे सुमारे ३० किलोंचा तो भार. महिन्यातून एकदाच येणारी ही उचल काहींच्या कंबरेत आठवडाभर राहते. अशा गृहस्थाने एका उचलीच्या मागे लागू नये आणि वीस उचलींच्याही लागू नये. पहिले दोन-तीन महिने सहा ते दहा उचलींच्या दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा, हा मध्यम मार्ग त्याला योग्य. या मर्यादेत उचल शिकण्यापुरती आवर्तने मिळतात आणि पाठ थकून वाकण्यापूर्वी फेरी संपते. उचल अंगवळणी पडली, म्हणजे भार वाढवून आवर्तने पाचांवर आणावीत.

स्त्रियांनी व वयस्करांनी भारी वजनास स्पर्शही करू नये, असा समज आपल्या घरांतून अद्याप आढळतो. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या समजास छेद देणारा आहे. रजोनिवृत्तीनंतर हाडे विरळ झालेल्या १०१ स्त्रियांपैकी एका गटास आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, डेडलिफ्ट, खांद्यावर भार घेऊन बैठक आणि डोक्यावर भार नेणे असे व्यायाम देण्यात आले; प्रत्येकी पाच उचलींच्या पाच फेऱ्या आणि भार कमाल बळाच्या ८५ टक्क्यांहून अधिक. आठ महिन्यांनी त्या गटाच्या कंबरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली. हाडास भार हवा असतो, केवळ हालचाल नव्हे. मात्र हे सारे जाणत्या शिक्षकाच्या डोळ्यांदेखत झाले होते आणि भार पायरीपायरीने वाढविला होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही. पुस्तक वाचून किंवा चित्र पाहून घरच्या घरी करावयाचा हा प्रयोग नव्हे.

उरला स्पर्धेत उतरू इच्छिणारा तरुण. त्याला एक उचल आवश्यकच आहे. कारण त्याची परीक्षा तीच घेणार. जी परीक्षा द्यावयाची तिचा सराव तिच्याच रीतीने व्हावा लागतो. परंतु परीक्षा रोज घेतल्याने विद्यार्थी हुशार होत नाही. कमाल भाराची कसोटी दोन-तीन महिन्यांतून एकदा पाहावी. एरवी एक ते पाच उचलींत, कमाल भाराच्या चार पंचमांशाच्या आसपास, उचल निर्दोष करण्यावर लक्ष द्यावे. एक-एक उचल सुटी सुटी घेण्यात एक फायदाही आहे. प्रत्येक वेळी दांडा खाली ठेवून, पाय नीट रोवून, पाठ सावरून, नव्याने आरंभ करावा लागतो. अशा दहा सुट्या उचली या दहा सलग उचलींपेक्षा पुष्कळदा अधिक शिकवितात; कारण दहाही ताज्या असतात.

तेव्हा या वादाचा निकाल एका वाक्यात मागणाऱ्यास एवढेच सांगता येईल की उचलींची संख्या कामावरून ठरवावी, अभिमानावरून नव्हे. ज्याचा दिवस उचलण्यात जातो त्याने थोड्या व भारी उचली कराव्यात. ज्याचा दिवस बसण्यात जातो त्याने मध्यम संख्येपासून आरंभ करावा. एकाच उचलीचा कस स्पर्धकाने, तोही क्वचित, पाहावा. आणि वीस उचलींचा हट्ट या व्यायामात कोणीच धरू नये. दम वाढवावयाचा असेल तर चढण चढणे, धावणे, नमस्कार घालणे हे प्रकार कंबरेवर एवढा भार न टाकता तेच काम करतात. चांदवडच्या परिसरात तर चढण्यास डोंगरही भरपूर आहेत.

सर्वांना लागू पडणारे नियम तीनच. फेरी संख्या पुरी झाल्यावर संपवावयाची नसते; पाठीचा सपाटपणा बिघडू लागण्यापूर्वी संपवावयाची असते. पाठ स्वतःस दिसत नाही. म्हणून बाजूस उभा राहून पाहणारा एक सोबती असावा आणि त्याने ‘पुरे’ म्हटल्यावर दांडा खाली ठेवावा. आणि एक लहान वही ठेवून तीत तारीख, भार, आवर्तने व दुसऱ्या दिवशी कंबर कशी होती, हे चार रकाने भरावेत. चौथ्या रकान्यात दोन आठवडे सलग तक्रार दिसली, तर पहिल्या तीन रकान्यांतील आकडे कितीही मोठे असोत, भार कमी करावा. आणि दुखणे पायात उतरू लागले किंवा पायास मुंग्या येऊ लागल्या, तर उचल थांबवून वैद्याकडे जावे.